आवाजाचं सोवळं

लेकीच्या घरी पोचले त्याच्या दुसऱ्या पहाटे मला कानात काहीतरी घुमल्यासारखं वाटायला लागलं. विमानात बसलेले दडे अजून सुटले नसतील म्हणून जांभया देऊन पाहिल्या, नाक दाबून पाहिलं. घुमणं सुरूच. शेवटी उठले आणि आवाजाचा माग काढत जिना उतरले, तर स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता. ग्वाल्हेरला माझ्या घरी चाळीस वर्षं फ्रिज आहे. तो आवाज करतो हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर पिनरमध्ये कळलं.

पिनर हे लंडनच्या वायव्येचं उपनगर, हॅरोला लागून. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कुठेही गेलं की ‘हे गाव इथेच का वसलं’ असं विचारायची खोड जात नाही. तसं ते जुनं खेडं. तिथली जत्रा 1336च्या राजाज्ञेनं सुरू झाली आणि आजही मे-जूनमधल्या एका बुधवारी मुख्य रस्ता बंद करून तिथे पाळणे लागतात. मी पोचले नेमकी त्याच आठवड्यात. तो कल्ला पाहून वाटलं, चला, आपल्यासारखंच गाव दिसतंय. गुरुवारी सकाळी बघते तो रस्ता झाडून लख्ख, आणि माणूस औषधाला नाही. पुढची जत्रा पुढच्या वर्षी.

आजचं पिनर मात्र आगगाडीनं घडवलं. मेट्रोपॉलिटन रेल्वे 1880 मध्ये हॅरोला आणि 1885 मध्ये पिनरला आली. पुढे रुळांच्या दोन्ही अंगांची शेतं घरबांधणीला निघाली, आणि 1915 पासून रेल्वेनं या सगळ्या पट्ट्याला ‘मेट्रोलँड’ असं नाव देऊन पुस्तिका छापायला सुरुवात केली. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये 40 लाखांच्या आसपास घरं उभी राहिली. माझी लेक राहते ते त्यांतलंच एक. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे दोन घरं एका भिंतीला खांदा लावून उभी. पुढे हातभर बाग, मागे जरा मोठी बाग, मधे कमरेएवढं कुंपण. एका बाजूला श्रीलंकेचं तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला निवृत्त इंग्रज जोडपं. समोरच्या ओळीत कोण राहतं ते सहा महिन्यांत मला नीट कळलं नाही, पण त्यांच्या गाड्या मी रंगावरून ओळखायला लागले होते. त्या रस्त्यावरचा आठवड्यातला सर्वांत मोठा आवाज मंगळवारी रात्री होतो. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार असते, म्हणून सगळे आपापले चाकांचे डबे फरशीवरून ओढत फाटकाबाहेर आणून ठेवतात. कोणत्या बुधवारी कोणता डबा, याचा तक्ता त्याच बोलक्या फ्रिजवर लावलेला.

तिथे मी केलेला पहिला गुन्हा असा. नातू शाळेला निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि डबा टेबलावरच राहिलेला मला दिसला. मी दारात येऊन हाक मारली, आमच्या चौकातून माडीवर मारायचे तशी, ताणून. नातू थांबला, परत आला. पण तेवढ्यात समोरचं एक दार उघडलं, दोन खिडक्यांचे पडदे हलले आणि पलीकडच्या आजीबाई स्लिपरमध्येच रस्ता ओलांडून आल्या. कुणाला लागलं का, ॲम्ब्युलन्स बोलवू का, असं विचारत होत्या. मी डबा दाखवला. त्या हसल्या, पण जाताना मला वाटलं, त्यांची जरा निराशाच झाली असावी. त्या रस्त्यावर मोठ्यानं ओरडण्याचा अर्थ एकच: अपघात. हाक हा प्रकारच तिथून उठून गेलाय.

संध्याकाळी नातू मला म्हणाला, “आजी, तू मेसेज कर ना.” तो होता चाळीस पावलांवर.

मराठीला शांततेचं वावडं आहे असं लोक म्हणतात. पण तिच्यासाठी आपल्याकडे शब्द किती आहेत पाहा. शुकशुकाट म्हणजे माणसं असायला हवीत आणि नाहीत. सामसूम म्हणजे होती, आता निजली. चिडीचूप म्हणजे कुणीतरी दटावलंय. निवांत हा तर जागेचा गुणच नव्हे, तो काम आटोपलेल्या माणसाचा. स्मशानशांततेबद्दल बोलायला नको. पिनरच्या त्या रस्त्याला यांतला एकही शब्द लागेना. माणसं घराघरात होती, जागी होती, त्यांना कुणी दटावलेलं नव्हतं, आणि काम आटोपल्याचा सैलपणाही त्या शांततेत नव्हता. ती ताठ होती. कुणीतरी ती रोज इस्त्री करून ठेवत असल्यासारखी. तिला शब्द सापडायला मला ऑगस्ट उजाडला आणि तो सापडला भलत्याच कपाटात, माझ्या आजीच्या. सोवळं.

आता थोडं लष्करबद्दल सांगायला हवं. ग्वाल्हेर म्हटलं की बाहेरच्यांना किल्ला आठवतो. पण आम्ही मराठी माणसं राहतो ते किल्ल्याच्या दक्षिणेच्या लष्करमध्ये. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे तळ दिला. तळ हलायचा होता, तो हललाच नाही. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे, आणि गावाचं नावच ‘लष्कर’ पडलं. सरदारांचे गोट जिथे होते तिथे मोहल्ले झाले. आमच्यात सांगतात की गोटाचीच हिंदीच्या तोंडी ‘गोठ’ झाली. चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी, फालका बाजार ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगावी लागतात. छावणीत माणसं एकमेकांना खेटून राहतात, आवाजाच्या टप्प्यात. ती सवय दोनशे वर्षं टिकली. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती, चौक एक, नळ एक. कुणाच्या घरी आज काय शिजलंय, कुणाला खोकला झालाय, कुणाचा जावई रुसलाय, हे सगळं कानानं कळायचं. सकाळी गल्लीच्या टोकाला एक बुवा षड्ज लावून बसायचे, तासभर तोच. दूधवाला त्यांच्या सुरात ‘दूऽध’ म्हणायचा. थट्टेनं, पण सुरात.

ग्वाल्हेर घराण्याची गायकी खुल्या आवाजाची मानतात. कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) याच लष्करचे. भातखंड्यांच्या पद्धतीचं माधव संगीत महाविद्यालय 1918 मध्ये इथेच निघालं. मी काही गाण्यातली नाही, पण एक तर्क करते, जाणकारांनी रागावू नये. खुला आवाज नुसता गळ्यातून येत नाही, त्याला शेजारही खुला लागतो. पहाटे चार वाजता माणूस पूर्ण छातीनं ‘सा’ लावतोय आणि भिंतीपलीकडची सहा बिऱ्हाडं कूस बदलून झोपताहेत, ही सोय कुठल्याही घराण्याच्या इतिहासात नोंदवलेली नसते. पिनरच्या सेमी-डिटॅच्डमध्ये दबक्या आवाजाचं घराणं निघालं असतं. माझा नातू तबला शिकतो. त्याच्या डग्ग्याखाली दुमडलेली रजई असते.

पण ग्वाल्हेरला दुसरीही छावणी आहे. लष्करहून तीन-चार मैलांवर, पूर्वेला, मुरार. इंग्रजांशी झालेल्या महाराजपूर-पनिहारच्या लढायांनंतर, 1844 च्या तहानं शिंद्यांच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक फौज उभी राहिली, ग्वाल्हेर कॉन्टिन्जंट. ती मुरारला असे. 14 जून 1857 ला ती उठली. त्यानंतर काय झालं, राणी लक्ष्मीबाई कशी पडली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी मुरारला आपली पलटण ठेवली ती 1886 पर्यंत. त्या साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार जयाजीराव शिंद्यांना परत मिळाले.

या तीसेक वर्षांत हिंदुस्थानभरच्या छावण्यांना एक साचा मिळत गेला. त्यामागे भीती होतीच, पण हिशेबही होता. इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. वर्षाला दर हजारी 69 सैनिक मरतात, आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे तर रोगानं, असं त्यात निघालं. रोग वाईट हवेतून येतो, वाईट हवा दाटीतून येते, अशी त्या वेळची समजूत. उपाय म्हणजे अंतर. गावापासून अंतर, घराघरात अंतर, रस्ते रुंद, बंगला आवाराच्या मधोमध, नोकरांच्या खोल्या मागे टोकाला. 1864 मध्ये छावण्यांचा कायदाही झाला. अंतर ठेवलं ते हवेसाठी आणि धाकापोटी. त्याच्याबरोबर शांतता फुकट मिळाली. पुढे पुढे तीच प्रतिष्ठेची खूण झाली.

लहानपणी आम्ही टांग्यानं मुरारला मावशीकडे जायचो. छावणीची हद्द आली, चुना-गेरू लावलेली झाडांची खोडं दिसायला लागली की वडील आवाज उतरवून बोलायला लागत. इंग्रज जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. टांगेवाला सरदारजींच्या ट्रकला वाट देताना शिवी हासडायचा, तोही तिथे गप्प. मी विचारलं होतं, “बाबा, इथे झोपलंय का कुणी?” वडील म्हणाले, “साहेबलोकांचा भाग आहे.” बस, एवढंच उत्तर.

आणि हा साचा इथून तिकडे गेला, हे मला पिनरमध्ये बसून फार गमतीचं वाटलं. ‘बंगला’ हा शब्द बंगालचा, व्हरांडाही आपल्याकडूनच गेलेला. 1870 च्या सुमारास इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर ‘बंगलो’ नावानं घरं बांधली जाऊ लागली, ती आरोग्य आणि विश्रांती विकत. मेट्रोलँडच्या पुस्तिकांनी तीच हवा, तेच अंतर कारकुनाला हप्त्यावर दिलं. मुरारला कर्नलला पाच एकर मिळत असतील तर इथे कारकुनाला पाच गुंठे मिळाले, पण आवाराचं कुंपण आणि मधलं घर ही चाल तीच. अँथनी किंग नावाच्या अभ्यासकानं 1984 मध्ये बंगल्यावर सबंध पुस्तक लिहिलंय. तेव्हा पिनरची शांतता ही काही तिथल्या मातीतून उगवलेली इंग्रजी वस्तू नव्हे. तिच्या एका मुळाला मुरारची माती लागलेली आहे. लंडनच्या उत्तरेलाच हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब आहे, हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी 1907 मध्ये वसवलेलं. गरीब-श्रीमंत शेजारी राहावेत हा त्यांचा खरोखर उदार विचार, आणि त्याच आराखड्यात आवाज टाळण्याचा आग्रह इतका की चर्चच्या घंटासुद्धा नकोत.

तर सोवळं. माझी आजी सोवळ्यात असली की तिच्याभोवती एक न दिसणारी रेघ असे. आपण कितीही जवळ जा, बोला, ओरडा, भांडा. फक्त शिवायचं नाही. पिनरला मी पाहिलं ते नेमकं उलट. तिथे शिवण्याला मनाई नाही. तमिळ शेजारीण कुंपणावरून खुशाल खांद्यावर हात ठेवते, इंग्रज आजोबा नातवाचा हात धरून रस्ता ओलांडून देतात, कुणाची जात कुणी विचारत नाही. पण आवाज कुंपण ओलांडून गेला की विटाळ झाला. मग तो विटाळ धुवायची रीत आहे: चिठ्ठी. लेकीनं दिवाळीच्या दहा दिवस आधी डावी-उजवीकडच्या चार-चार घरांच्या पत्रपेटीत कार्डं टाकली. आमचा सण आहे, शनिवारी 7 ते 9 थोडे फटाके उडवू, त्रासाबद्दल आगाऊ क्षमस्व, कुत्री घरात ठेवावीत. गुन्ह्याआधीच माफी. मला हसू आलं, मग नाही आलं. कारण एका घरातून उत्तराचं कार्ड आलं: आम्ही त्या संध्याकाळी बहिणीकडे जाऊ, तुम्ही मोकळेपणानं उडवा. मी सत्तर वर्षांत कुठल्या शेजाऱ्याला एवढं विचारलं होतं?

लष्करच्या वाड्याचं कौतुक सांगताना मी नेहमी एक गोष्ट गाळते. दिवाळी अंकात स्मरणरंजन करणारे आपण सगळेच गाळतो. आमच्या वाड्याच्या मागच्या बोळात एक दार होतं. संडास साफ करणारी बाई तिथून यायची, टोपली घेऊन. ती बोळाच्या तोंडाशीच हाक द्यायची. तिची हाक ऐकून आजी ओटीवरून आत जायची, आम्ही मुलं बाजूला व्हायचो, चौक रिकामा व्हायचा. ती हाक सुरेल होती, लांबवर जाणारी. मला ती अजून आठवते आणि तिचं नाव आठवत नाही. आमच्याकडचे सगळे मोकळे आवाज मी प्रेमानं मोजते तेव्हा त्यात तिचाही आवाज आहे. ती मोकळेपणानं ओरडत नव्हती, तिला ओरडावं लागत होतं, आम्हाला तिचा स्पर्श होऊ नये म्हणून. वाड्यात आवाजाला रान मोकळं होतं, कारण खरा पहारा दुसरीकडे होता.

पिनरवाल्यांचाही दुसरा पहारा होताच, नाही असं नाही. ऑक्सफर्डच्या कटस्लो भागात खासगी वसाहतवाल्यांनी 1934 मध्ये नगरपालिकेच्या घरांतले लोक आपल्या रस्त्यानं जाऊ नयेत म्हणून माणसापेक्षा उंच भिंती बांधल्या, वर अणकुचीदार सळया. त्या पडायला 1959 उजाडलं. काळ्या-गोऱ्याच्या भेदावरचा पहिला कायदा 1965 चा, त्यात घर भाड्यानं देण्या-विकण्याची बाब आलीच नाही, ती आली 1968 च्या कायद्यात. लेकीच्या रस्त्यावर आज तमिळ, गुजराती, इंग्रज राहतात त्याला तसं साठ वर्षंही झालेली नाहीत. भिंत गेली, कायदा आला, आणि सभ्यपणाची सगळी परीक्षा आता डेसिबलवर येऊन थांबली. ही प्रगती आहे का? मला वाटतं, आहे. माझ्या वाड्याची आणि त्या रस्त्याची तराजूत घालून तुलना करायला सांगितलं, तर त्या बोळातल्या बाईला कुठे राहायला आवडेल, हे मी आधी विचारेन. तिला बहुधा फ्रिजचा आवाज चालेल.

हे कबूल करूनही मला त्या शांततेत एक गोष्ट खटकत राहिली. तिथे कान काम करायचा थांबतो. वाड्यात माझी आई भांड्यांच्या आवाजावरून ओळखायची की पलीकडच्या वहिनी आज चिडल्यात, आणि दुपारी काहीतरी निमित्त काढून जाऊन बसायची. पिनरला शेजारच्या आजोबांना जुलैमध्ये चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं, भिंत एक असून आम्हाला कळलं ते ते परत आल्यावर. त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. त्यांच्या बाजूनं ती सौजन्याची कमाल होती. लेक दिवसभर ओशाळली होती.

दिवाळी आली. इंग्लंडच्या फटाक्यांच्या नियमांत एक मजेदार कलम आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा, वर्षाखेरीच्या रात्री मिळते तेवढीच. 5 नोव्हेंबरच्या त्यांच्या स्वतःच्या फटाक्यांना मात्र फक्त बारापर्यंत. म्हणजे राजाच्या देशात आपल्याला त्यांच्यापेक्षा तासभर जास्त! मी नातवाला म्हटलं, आज आपण एकपर्यंत उडवू. पावणेनऊला आमचे फटाके संपले, नऊला सगळी कागदं वेचून झाली. हॅरोच्या बाजूनं बराच वेळ आवाज येत होते. आमच्या रस्त्यावर मुभा तशीच पडून राहिली.

नोव्हेंबरअखेरीस मी परत आले. आता वाडा राहिला नाही. वाटण्या झाल्या, आणि मी ठाटीपूरकडच्या एका कॉलनीत फ्लॅट घेतला, मुरारच्या वाटेवर. विकताना बिल्डरच्या माणसानं ‘शांत परिसर’ हे शब्द तीनदा उच्चारले होते. फाटक आहे, गार्ड आहे, रस्त्याला अशोकाची झाडं आहेत. मुरारचा साचा पिनरला जाऊन, नवे कपडे घालून परत आला तो हा. आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून मॅरेज गार्डन. 2000 च्या ध्वनिनियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्र दहाला सुरू होते. 2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, आणि आमच्या कॉलनीत त्या मानाचा रोज रात्री डीजेवर उच्चार होतो.

पहिल्याच रात्री साडेदहाला खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. सहा महिन्यांपूर्वीची मी कूस बदलून झोपले असते. पण माझा कान तिथे राहून नाजूक होऊन आला होता. गार्डनच्या भिंतीवर बुकिंगसाठी मोबाइल नंबर रंगवलेला आहे, तो मी फिरवला. मॅनेजरनं उचलला, मागे ढोल.

“माताजी, बस विदाई तक।”

“विदाई कितने बजे है?”

“लड़की तो हमारी भी है न, माताजी। रोएगी तो टाइम लगेगा।”

यावर मला काही बोलता आलं नाही. पावणेएकला आवाज थांबला. मग गार्डची शिटी, कुत्री, दूर हायवेवरचे ट्रक. फ्रिज अर्थात ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बेल वाजली. गार्डनचा पोऱ्या होता, हातात मोतीचुराचा डबा. “मैनेजर साब ने भेजा है, कल आपको तकलीफ़ हुई।” डबा उघडला तर लाडवांवर वहीच्या कागदाची चिठ्ठी, बॉलपेननं लिहिलेली: अगले कार्यक्रम 4, 7 और 11 दिसंबर.